इम्प्लांटच्या ऑपरेशननंतर पुन्हा मैदानात कोणी उतरलंय का?

कोपरारक्षक | सोमवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. वर्षभर नुसता वाचतोय, लिहितोय आज पहिल्यांदा.

वय ४७. मधुमेह १६ वर्षांपासून. ताठरतेसाठी गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, व्हॅक्यूमचं उपकरण वापरून झालं. शेवटी पाच आठवड्यांपूर्वी तीन भागांचं फुगवायचं इम्प्लांट बसवून घेतलं. जखम भरलीय, टाके विरघळले. पुढच्या आठवड्यात पंप कसा चालवायचा ते डॉक्टर शिकवणार आहेत. त्या बाबतीत माझी काही तक्रार नाही.

प्रश्न खेळाचा आहे. मी शाळेपासून कबड्डी खेळतो, डावा कोपरा. अजूनही प्रौढ गटात खेळतो, संध्याकाळी मुलांना शिकवतो, शिवाय आठवड्यातून तीनदा वजनं मारतो. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना विचारलं होतं की व्यायाम कधी सुरू करू? ते म्हणाले, ६ आठवड्यांनी सगळं करा. त्यांच्या मनात बहुधा चालणं, पळणं असावं. माझ्या 'सगळं'मध्ये घोटा धरायला पोटावर झेपावणं येतं, अंगावर चौघं पडणं येतं, चढाईला आलेल्याचा गुडघा जांघेत बसणंही येतं. हे तेव्हा बोललो नाही. खोलीत आणखी तिघं उभे होते, जीभ रेटली नाही.

आता ओटीपोटात सलाइनची टाकी आहे, अंडकोशात पंप आहे, लिंगात दोन फुगणारे सिलिंडर. यातलं काय फुटू शकतं, काय सरकू शकतं? अंगाला अंग भिडणारा खेळ कोणी परत सुरू केलाय का?

आणि एक सांगून टाकतो. क्लबात मी 'ताप आलाय' एवढंच सांगितलं होतं. तापाला कोण किती दिवस सुट्टी देणार? तिसऱ्या आठवड्यात नुसतं बघायला म्हणून गेलो, तर मॅट गुंडाळायची वेळ झालेली. पोरं म्हणाली, 'सर, ही बाजू धरा.' धरली. त्या रात्री अंडकोशाची उजवी बाजू टणक सुजली. आता बरीच उतरलीय, पण पूर्ण नाही. डॉक्टरांना अजून सांगितलेलं नाही.

सावकाश_चाल | मंगळवार, सकाळी ६.१५

लिहिलंत ते बरं केलंत. बाकी सगळं नंतर, ते मॅटचं आधी डॉक्टरांच्या कानावर घाला. फोनवर नको, जाऊन दाखवा.

मी ६१. प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, त्यानंतर दीड वर्षाने इम्प्लांट. त्याला आता चार वर्षं झाली. मी रोज पळतो, रविवारी १० किलोमीटर. पहिले दोन-तीन महिने पळताना पंप जाणवायचा, खिशात किल्ली राहिल्यावर जाणवते तसा. अंगाला घट्ट बसणारी कम्प्रेशनची चड्डी घालायला लागलो आणि ते थांबलं. आता आठवणही येत नाही.

एक गोष्ट मात्र तुमच्या कामाची आहे. माझी टाकी नेहमीच्या जागी नाही. प्रोस्टेट काढल्यावर मूत्राशयाच्या पुढची जागा चिकटून गेली होती, म्हणून ती वर, पोटाच्या स्नायूंखाली बसवली. पालथं पडलं की मला ती बोट टेकवल्यासारखी कळते. तुमची कुठे बसवलीय ते विचारून घ्या. पोटावर झेप घेणाऱ्या माणसाला हे माहीत असायलाच हवं.

युरो_डॉक्टर | मंगळवार, दुपारी २.०५

मी युरोलॉजिस्ट आहे, ही ऑपरेशनं करतो. खाली लिहितोय ते सर्वसाधारण आहे. तुमच्या सर्जननी आत काय पाहिलं, काय केलं हे मला माहीत नाही, तेव्हा शेवटचा शब्द त्यांचाच.

हे ६ आठवडे कुठून आले ते आधी सांगतो. कारण कळलं की नियम पाळायला जड जात नाही. कातडीची जखम दोन आठवड्यांत भरते आणि पेशंटला वाटतं, झालं. आत मात्र शरीर इम्प्लांटच्या प्रत्येक भागाभोवती स्वतःचं एक पातळ पण चिवट आवरण विणत असतं. टाकीभोवती, पंपाभोवती, जोडणाऱ्या नळ्यांभोवती. त्याला साधारण ६ आठवडे लागतात. तोवर टाकी जागेवर नुसती ठेवलेली असते, तिला धरून ठेवणारं फारसं काही नसतं. जोरात खोकला, उलटी, संडासला कुंथणं, वजन उचलणं, या प्रत्येक वेळी पोटातला दाब एकदम वाढतो आणि टाकी जांघेच्या वाटेने हर्नियासारखी पुढे ढकलली जाऊ शकते. क्वचित होतं, पण झालं तर पुन्हा टेबलावर जावं लागतं. म्हणून पहिले ४ ते ६ आठवडे पाच किलोंच्या वर काही उचलू नका असं आम्ही सांगतो. पोट साफ राहण्याचं औषध देतो तेही याचसाठी.

दुसरं असं की या काळात इम्प्लांट रिकामं ठेवायचं असतं, म्हणजे पाणी सिलिंडरमध्ये नको, सगळं टाकीत. (रक्तस्राव थांबावा म्हणून पहिला एखादा दिवस काही सर्जन थोडं फुगवून ठेवतात, ते वेगळं.) टाकी भरलेली असताना आवरण विणलं गेलं तर ते ऐसपैस होतं. अर्धवट टाकीभोवती विणलं गेलं तर तोकडं पडतं, टाकीला कायम आवळत राहतं, आणि मग नुसता जोर केला तरी पाणी आपसूक सिलिंडरमध्ये उतरतं. हल्लीच्या उपकरणांत हे रोखायला झडप असते. त्यामुळे हा त्रास पूर्वीपेक्षा बराच कमी झाला, संपलेला नाही.

आता फुटण्याबद्दल. डॉ. ब्रँटली स्कॉट यांनी १९७३ साली ह्यूस्टनमध्ये फुगवायचं इम्प्लांट पहिल्यांदा मांडलं, तेव्हापासून आजपर्यंत साहित्य आणि जोड पुष्कळ सुधारलेत. पहिल्या ५ वर्षांत ९० टक्क्यांहून जास्त उपकरणं नीट चालतात. बिघाड होतो तो बहुतेक वेळा वापरून झीज झाल्याने, बारीक गळती लागून. बाहेरून मार बसून फुटणं त्यामानाने विरळ. आणि फुटलंच तरी आतलं पाणी निर्जंतुक सलाइन असतं, शरीर ते शोषून घेतं, अपाय होत नाही. उपकरण चालेनासं होतं आणि बदलावं लागतं, एवढंच.

मला तुमच्या बाबतीत काळजी वाटते ती अंडकोशाची. तिथे पूर्वी सगळं मऊ होतं, मार लागला तर सरकून जायचं. आता तिथे एक टणक वस्तू आहे. गुडघा बसला की वृषण आणि कातडी त्या पंपावर दाबली जातात. त्यातून रक्त साकळतं. तुमची तिसऱ्या आठवड्यातली सूज तशीच असू शकते. साकळलेलं रक्त हे जंतूंचं आवडतं घर, त्यात तुम्हाला मधुमेह. उद्याच जा.

अंगाला अंग भिडणाऱ्या खेळासाठी मी माझ्या पेशंटना ६ आठवडे म्हणत नाही, ३ महिने म्हणतो, आणि तेही तपासून.

रांगडा | मंगळवार, रात्री ९.३०

डॉक्टरांचा मान राखून सांगतो. मी चौथ्या आठवड्यात फुटबॉल खेळलो. पूर्ण सामना. काही झालं नाही. इतकं घाबरवू नये लोकांना.

युरो_डॉक्टर | मंगळवार, रात्री ११.१०

रांगडा, तुम्हाला काही झालं नाही याचा मनापासून आनंद आहे. पण ज्यांना झालं ते माझ्यासमोर येऊन बसतात आणि त्यांचंही पहिलं वाक्य हेच असतं, की डॉक्टर, मला एकदम बरं वाटत होतं. बरं वाटणं कातडीवरून ठरतं. आतल्या आवरणाला दुखणं-खुपणं नसतं, ते कच्चं आहे की पक्कं हे तुम्हाला आतून कळणार नाही.

लोखंडी_वेळ | बुधवार, सकाळी ७.५०

डॉक्टरांनी 'आपसूक पाणी उतरतं' म्हटलंय, ते माझ्यासोबत झालंय. सविस्तर लिहितो, कारण वजनं मारणाऱ्याला हे आज ना उद्या भेटू शकतं.

ऑपरेशनला पाच महिने झाले होते. सगळ्या परवानग्या मिळालेल्या. डेडलिफ्टचा चौथा सेट, कमरेला चामडी पट्टा आवळलेला. बार गुडघ्यापर्यंत आला आणि खाली काहीतरी भरत चाललंय असं स्पष्ट कळलं. दुखलं नाही. फक्त एक जडपणा, हळूहळू वाढणारा. बार खाली ठेवला, टॉवेल पुढे धरून न्हाणीघरात गेलो. अर्धं फुगलेलं. पंपावरचं सोडायचं बटण चाचपून दाबलं, दुसऱ्या हाताने दोन्ही सिलिंडर मुळापासून दाबत पाणी परत पाठवलं. मऊ झालं. परत येऊन पुढचा सेट मारला, पुन्हा तेच.

त्या दिवशी मला वाटलं, वजनं संपली आपली. दोन आठवडे जिमचं तोंड पाहिलं नाही. मग सर्जनकडे गेलो, पट्टाच घेऊन गेलो. त्यांनी सोनोग्राफीत टाकी पाहिली, ती व्यवस्थित होती. मग म्हणाले, पट्टा बांधून दाखवा. मी नेहमीसारखा खाली, कमरेच्या हाडांवर बांधला. त्याची खालची कड नेमकी टाकीच्या जागेवर रुतत होती. वर बाहेरून पट्टा दाबतोय, आत मी श्वास कोंडून दाब वाढवतोय, दोन्हींच्या मधे बिचारी टाकी.

पट्टा बेंबीपाशी नेला. महिनाभर तर तो सोडूनच दिला आणि वजन निम्म्यावर आणलं. श्वास कोंडायची सवय मोडायला सगळ्यात जास्त वेळ गेला. आता १२० किलो उचलतो, पट्ट्याशिवाय. जड सेटच्या आधी एकदा हात लावून रिकामं आहे ना ते पाहतो. पूर्वी १६० उचलायचो. ते ४० किलो मी सोडून दिले, राजीखुशीने.

कोपरारक्षक, तुमच्या तापाच्या थापेबद्दल एक सांगू? मीही आधी खोटंच सांगितलं होतं, पाठ भरलीय म्हणून. मग सगळे पाठीचे व्यायाम सुचवायला लागले. शेवटी 'पोटाचं ऑपरेशन झालंय, तीन महिने वजन बंद' म्हटलं. यात खोटं काहीच नाही, टाकी पोटातच आहे. एकानेही पुढे विचारलं नाही आणि प्लेट उचलायला पोरं धावून यायला लागली.

फिजिओताई | बुधवार, दुपारी १.२०

लोखंडी_वेळ यांचा शेवटचा परिच्छेद प्रत्येकाने वाचावा. माझ्याकडे येणाऱ्या पुरुषांत लवकर जोर करून त्रास ओढवून घेणारे बहुतेक जण हट्टी नसतात. त्यांनी कोणाला सांगितलेलं नसतं, म्हणून कोणी त्यांना सूट देत नाही. घरातला गॅसचा सिलिंडर हलवायचा असो, कपाट सरकवायचं असो, हाक यांनाच.

परतीच्या वाटेबद्दल थोडं. डॉक्टरांची परवानगी मिळाली असं धरून लिहितेय.

चालणं पहिल्या आठवड्यापासूनच चालू असतं, ते वाढवत न्यायचं. ६ आठवड्यांनंतर वेगाने चालणं, स्वतःच्या वजनाच्या अर्ध्या बैठका, हातांचे हलके व्यायाम. पळणं त्यानंतर, आणि आधी सपाट जमिनीवर. पोटाचे व्यायाम मी सर्वांत शेवटी घेते. क्रंचेस, पाय वर उचलणं, नौकासन, यात ओटीपोट जोरात आवळलं जातं. कपालभातीचे झटकेही त्यातच आले, ते लोकांना व्यायाम वाटत नाहीत म्हणून वेगळे सांगते. प्रत्येक नव्या व्यायामाला एकच कसोटी लावा. श्वास न कोंडता जमतोय का? जोर लावताना श्वास बाहेर सोडायचा. तोंडाने मोठ्याने आकडे मोजत केलं की श्वास कोंडताच येत नाही, ही साधी युक्ती आहे.

कोपरारक्षक यांच्यासाठी पडण्याचा सराव वेगळा करायला हवा. ही पायरी सगळे गाळतात. आधी गुडघ्यांवर बसून मॅटवर पुढे झुकायचं, हातांवर आणि छातीवर वजन घ्यायचं, ओटीपोट सगळ्यात शेवटी टेकलं पाहिजे. मग अर्ध्या बैठकीतून. मग दोन पावलं पळत येऊन. हे आठवडाभर एकट्याने जमलं की समोर एक खेळाडू, निम्म्या वेगाने. साखळीत पकड करायला आधी जायचं, एकट्याने घोटा धरायला नंतर. दुसऱ्या दिवशी जांघेत ओढ किंवा अंडकोशात सूज दिसली तर एक पायरी मागे.

दोनचाकी | बुधवार, रात्री ८.४५

माझा खेळ धक्क्याचा नाही, पण लिहितो. सायकल. सिलिंडरची मागची टोकं आपण बसतो त्या हाडांच्या कडेलाच रोवलेली असतात, म्हणजे सीटचा सगळा भार तिथेच. मला ३ महिने थांबायला सांगितलं होतं. सुरुवातीला वीस मिनिटं, दर पाच मिनिटांनी पेडलवर उभं राहून. मध्ये फट असलेली रुंद सीट घेतली आणि तिचं टोक किंचित खाली केलं. बधिरपणा आला की उतरायचं, हा नियम मी कधी मोडत नाही.

नवखा | गुरुवार, सकाळी १०.००

माझं अजून ठरायचंय. मी कुस्ती शिकवतो. टाकी-पंप नसलेलं, वाकवायच्या कांड्यांचं साधं इम्प्लांट घेतलं तर हा सगळा ताप वाचेल ना?

युरो_डॉक्टर | गुरुवार, दुपारी १.४०

टाकी आणि पंपाचा वाचेल, बरोबर. बिघडण्यासारखे भागही कमी. पण त्या कांड्या कायम टणक असतात, खाली वाकवून ठेवल्या तरी. कुस्तीत तुम्ही समोरच्याला छातीपासून मांडीपर्यंत भिडता. मऊ असलेलं इंद्रिय दाबाखाली सरकतं, टणक असलेलं सरकत नाही. सतत दाब पडून पुढच्या टोकाशी कातडी झिजण्याचा धोका या प्रकारात लक्षात ठेवावा लागतो, विशेषतः मधुमेहामुळे किंवा मणक्याच्या दुखण्यामुळे तिथली संवेदना कमी असेल तर. फुगवायचं इम्प्लांट खेळताना पूर्ण मऊ ठेवता येतं, हा तुमच्यासाठी मोठा फायदा आहे. हाताची बोटं नीट चालत असतील तर याच बाजूने विचार करा. दोन्ही नमुने हातात घेऊन पाहा, कुठलाही सर्जन दाखवील. आणि कुस्ती शिकवता हे त्यांना आधी सांगा. टाकी कुठे बसवायची याचा विचार ऑपरेशनच्या आधीच व्हायला हवा.

अबोली | गुरुवार, रात्री ११.३५

मी स्वतः पेशंट नाही, माझ्या मिस्टरांसाठी वाचते. त्यांच्या परवानगीने लिहितेय.

ते ज्यूदो खेळायचे. इम्प्लांटनंतर चार महिन्यांनी परत गेले, डॉक्टरांच्या संमतीने. सराव करताना जोडीदाराची टाच खाली बसली. जोडीदाराला काहीच माहीत नव्हतं, त्याचा दोष नाही. घरी आले, बर्फ लावला, आठवड्यात सूज उतरली. आम्ही निर्धास्त झालो.

महिन्याभराने पंपाच्या जागी दुखायला लागलं. फार नाही. ते म्हणायचे, मार लागलेली जागा आहे, दुखणारच. मी एकदा नीट पाहिलं तर तिथली कातडी लालसर होती आणि चिमटीत वर उचलली जात नव्हती, पंपाला चिकटलेली. आधी पंप आत मोकळा फिरायचा. ताप नव्हता, पू नव्हता, म्हणून आणखी दहा दिवस घालवले. ते दहा दिवस आजही माझ्या डोक्यातून जात नाहीत. गेलो तेव्हा संसर्ग निघाला. जुनं उपकरण काढून, आतून अँटिबायोटिकने धुऊन त्याच वेळी नवीन बसवता आलं. उशीर आणखी झाला असता तर नुसतं काढावं लागलं असतं, असं सर्जन म्हणाले. मग आतली जागा आक्रसते आणि पुन्हा बसवणं फार अवघड होतं.

आता ते ठीक आहेत. ज्यूदो शिकवतात, स्वतः झुंजत नाहीत. तो निर्णय त्यांचा, मी काही बोलले नाही.

बायकांना सांगते, तुम्ही बघत जा. पुरुष आरशात बघत नाहीत.

युरो_डॉक्टर | शुक्रवार, सकाळी ८.२०

अबोलीताई, हे लिहिल्याबद्दल आभार. थांबलेलं दुखणं पुन्हा सुरू होणं, लाली, ऊब, आणि पंपाला कातडी चिकटणं, यातलं एकही दिसलं तर तापाची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी दाखवायचं. खेळताना मार बसला तर खेळ थांबवून कपड्यावरून बर्फ लावा. सूज उतरल्यावर एकदा पूर्ण फुगवून आणि पूर्ण सोडून पाहा. दोन्ही नेहमीसारखं झालं तर उपकरण शाबूत आहे. पंप दाबल्यावर चपटाच राहिला किंवा पूर्वीइतकं भरत नसेल तर फोन करा.

कोपरारक्षक | शनिवार, रात्री ९.५०

सगळं दोनदा वाचलं, बायकोलाही वाचायला दिलं.

गुरुवारी डॉक्टरांकडे गेलो, मॅटचं सांगितलं. रागावले नाहीत. तपासलं, सोनोग्राफी केली. रक्तच साकळलं होतं, आता विरतंय, जंतुसंसर्ग नाही. पण पंप शिकवायचं दोन आठवडे पुढे ढकललं. टाकी मूत्राशयाच्या पुढे, हाडाच्या मागे आहे, म्हणजे पोटावर पडताना पुढून हाडाची आड मिळते. कबड्डीत नेमकं काय होतं ते मी त्यांना जमिनीवर झेपावून दाखवलं, खरंच. ते पाहून म्हणाले, तुमच्यासाठी १४ आठवडे, आणि त्याआधी तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी नीट आलेली हवी.

क्लबात 'पोटाचं ऑपरेशन' सांगितलं. लोखंडी_वेळ, तुम्ही म्हणालात तसंच झालं. कोणी काही विचारलं नाही.

कोपरारक्षक | अडीच महिन्यांनंतर, रविवार, रात्री १०.१५

धागा वर काढतोय, कारण मला शोधताना असं काही सापडलं नव्हतं.

पंप शिकलो. पहिल्या दिवशी सोडायचं बटण बोटांना सापडेचना, घामाघूम झालो. आता अंधारातही जमतं. रोज गरम पाण्याच्या अंघोळीत पंप हलकेच खाली ओढून ठेवायला सांगितलं होतं, म्हणजे तो वर चढत नाही. ते नेमाने केलं.

फिजिओताईंच्या पायऱ्या तशाच्या तशा घेतल्या. गुडघ्यांवरून पडायला सुरुवात केली तेव्हा शरीर ऐकत नव्हतं. तीस वर्षांची सवय, पण प्रत्येक वेळी हात आपोआप खाली जांघेकडे जायचा. हात तिथे गेला की पकड सुटते. ती भीती दुखण्यापेक्षा चिवट निघाली. आठवडाभर रोज वीसदा पडलो तेव्हा हात जागेवर राहायला लागला.

गार्डबद्दल लिहायला हवं. माझं जुनं सेंटर गार्ड, म्हणजे जांघेत मार बसू नये म्हणून घालतात ती कडक वाटी, लहान पडलं. त्याची कड पंपावर येत होती, संरक्षण करायच्या ऐवजी तेच टोचत होतं. एक आकार मोठं घेतलं, ज्याची कड सगळीकडून हाडावर टेकते. आत मऊ कापडाची चड्डी, वर घट्ट सपोर्टर. लंगोट मात्र सोडला. तो आवळला की पंप मागे दाबला जायचा. मॅटवर उतरण्यापूर्वी पूर्ण रिकामं करायचं आणि हात लावून खात्री करायची.

उजव्या कोपऱ्याला मी सगळं सांगितलं. फक्त त्यालाच. साखळीत तो माझ्या शेजारी नसतो, समोर असतो, सगळ्यात जास्त त्यालाच मी दिसतो. त्याने दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाला, मग डुबकी मारणारा आला की आधी मी जातो, तू मागून ये.

काल पहिला सामना झाला. दोन पकडी, एकदा बाद. एक जण मांडीवर आदळला, गार्ड वाजलं, आत काही झालं नाही. रात्री फुगवून-सोडून पाहिलं, व्यवस्थित. सामना संपल्यावर मॅट गुंडाळत होतो तर उजव्या कोपऱ्याने माझ्या हातातलं टोक धरलं, म्हणाला, 'सोड, मी घेतो.' 'आता चालतं' म्हणालो. आम्ही दोघांनी मिळून नेली.

नवखा | सोमवार, सकाळी ७.०५

वाचून फार धीर आला. माझं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलंय, फुगवायचंच. कुस्ती शिकवतो हे सर्जनना सांगितलं. एक शंका, ते मोठं गार्ड ऑपरेशनच्या आधीच घेऊन ठेवू का?

कोपरारक्षक | सोमवार, सकाळी ७.४०

नको. पंप कुठे स्थिरावतो ते आधी कळत नाही, माझा उजवीकडे खाली बसला. तीन महिने होऊ द्या, मग घालून, खाली बसून, वाकून बघूनच घ्या. आधी घ्यायचं असेल तर सैल पायजमे घ्या. पहिले दोन आठवडे दुसरं काही अंगावर सहन होत नाही.